फेलिक्स वांकेल

मोटारसायकल, ट्रॅक्टर, पिठाच्या गिरणीचे डिझेल इंजिन, जबलपूरच्या कारखान्यांत तयार होऊन वर्षानुवर्षे लष्करात राबलेला शक्तिमान ट्रक, या सर्वांच्या पोटात एकच क्रिया चालते. सिलिंडर नावाच्या पोकळ नळकांड्यात दट्ट्या वरखाली होत असतो. इंधनाच्या ज्वलनाने तो जोरात ढकलला जातो आणि त्याची सरळ रेषेतील ये-जा एका वाकड्या दांड्याच्या साहाय्याने चाकाच्या फिरण्यात बदलली जाते. दांड्याच्या प्रत्येक फेरीत दट्ट्या दोनदा थांबतो आणि दोनदा उलटा फिरतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या झाल्या, तर तो सहा हजार वेळा थांबला असे समजावे. या थांबण्यातून आणि उलटण्यातून हादरे उत्पन्न होतात. मग जात्याच्या पाळीसारखे पहिल्यापासूनच गोल फिरणारे इंजिन का करू नये? वाफेच्या इंजिनाचा सुधारक जेम्स वॉट यानेही या प्रश्नावर डोके शिणवले होते. रस्त्यावर धावू शकेल असे उत्तर मात्र विसाव्या शतकात सापडले. ज्याने ते शोधले, त्याच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी तर नव्हतीच, शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्रही नव्हते. त्याचे नाव फेलिक्स वांकेल.

फेलिक्सचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ रोजी जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील लार या गावी झाला. ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ वनप्रदेशाच्या कडेला हे गाव वसले आहे. वडील रुडॉल्फ हे वनखात्यात अधिकारी होते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पहिल्याच काही आठवड्यांत ते रणांगणावर मारले गेले. बारा वर्षांच्या एकुलत्या एका मुलाला घेऊन आई गेर्टी पुढे हायडेलबर्ग येथे राहू लागली. युद्ध संपले; पण त्यानंतर जर्मनीत अशी भयंकर चलनवाढ झाली की, आयुष्यभराची पुंजी पावाच्या एका लादीलाही पुरेना. विधवा आईची शिल्लक त्यात वाहून गेली. फेलिक्सने १९२१ मध्ये अंतिम परीक्षा न देताच शाळा सोडली आणि हायडेलबर्गमधील एका प्रकाशनसंस्थेत खरेदी विभागात तो काम शिकू लागला.

त्याच्या डोळ्यांना जवळचे दिसे, दूरचे दिसत नसे. हा दोष इतका तीव्र होता की, त्याने जन्मभर मोटार चालवण्याचा परवाना काढला नाही. परंतु यंत्राचा एखादा भाग दुसऱ्या भागात कसा फिरेल, त्यांच्यामध्ये किती जागा उरेल, हे त्याला कागदावर न काढताही मनात दिसे. यंत्रशास्त्र तो स्वतःच शिकला. १९२४ मध्ये त्याने हायडेलबर्ग येथे एका घरामागच्या जागेत लहानशी कार्यशाळा उघडली. १९२६ मध्ये प्रकाशनसंस्थेतील नोकरी सुटली आणि कार्यशाळा हेच त्याचे जग झाले. फिरत्या यंत्रासाठी त्याने पहिले पेटंट मिळवले ते १९२९ मध्ये.

चरित्रनायकाच्या आयुष्यातील अडचणीचा भाग दोन ओळींत उरकून टाकण्याची प्रथा आहे. वांकेल यांच्या बाबतीत तसे करणे योग्य होणार नाही. हा तरुण विशीतच हिटलरच्या नाझी पक्षात सामील झाला होता. मुलांची लष्करी वळणाची पथके उभारण्याचे काम त्याने उत्साहाने केले. पुढे प्रांतातील पक्षनेता रॉबर्ट वाग्नर याच्यावर त्याने भ्रष्टाचाराचा उघड आरोप केला आणि १९३२ मध्ये तो पक्षाबाहेर फेकला गेला. १९३३ मध्ये नाझींच्या हाती सत्ता येताच वाग्नरने त्याला लार येथेच, म्हणजे त्याच्या जन्मगावी, तुरुंगात डांबले. हिटलरच्या जवळच्या एका अधिकाऱ्याने मध्यस्थी केली, तेव्हा काही महिन्यांनी त्याची सुटका झाली. एवढ्यावरून त्याला नाझी राजवटीचा विरोधक मानता येत नाही. भांडण एका नेत्याशी होते, विचारांशी नव्हते. पक्षात परत येण्याची त्याने पुढे खटपट केली आणि १९४० मध्ये एस. एस. या कुप्रसिद्ध संघटनेतील पदही स्वीकारले. दोन वर्षांनी ते काढून घेण्यात आले.

तुरुंगातून सुटल्यावर वांकेल यांनी काही काळ बी.एम.डब्ल्यू. या उद्योगासाठी काम केले. १९३६ मध्ये जर्मनीच्या विमान मंत्रालयाने त्यांना बोडेन्झे सरोवराकाठी लिंडाऊ येथे स्वतंत्र कार्यशाळा उभारून दिली. याच वर्षी त्यांचा विवाह झाला. लिंडाऊ येथे त्यांच्याकडे आले ते विमानाच्या इंजिनातील झडपांचे काम. वर-खाली उघडझाप करणाऱ्या झडपांऐवजी फिरत्या चकतीची झडप बसवता येईल काय, हे त्यांना पाहायचे होते. चकती फिरू लागली की तिच्या कडेने तप्त वायू निसटू लागतो. चकती घट्ट आवळली, तर ती घर्षणाने जळते; सैल सोडली, तर इंजिनाचा दाब जातो. फिरणाऱ्या दोन भागांमधील ही केसाएवढी फट कशी बंद करावी, या एकाच प्रश्नाचा ते अनेक वर्षे अभ्यास करत राहिले. वायूचा दाबच पातळ पट्टीला मागून रेटील आणि तीच फट बुजवील, अशी रचना त्यांनी सिद्ध केली. त्यांचे पुढचे सगळे कर्तृत्व या ज्ञानावर उभे आहे. हे ज्ञान त्यांना युद्धाच्या तयारीसाठी मिळालेल्या पैशातून आणि साधनांतून लाभले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१९४५ मध्ये जर्मनीचा पराभव झाला. लिंडाऊ फ्रेंच सैन्याच्या ताब्यात आले. फ्रेंचांनी वांकेल यांना कैद केले, कार्यशाळेतील यंत्रे काढून नेली आणि संशोधनास बंदी घातली. काही महिन्यांनी ते सुटले, तेव्हा वय त्रेचाळीसच्या पुढे गेले होते आणि हाती काहीच उरले नव्हते. पुन्हा आरंभ झाला तो लिंडाऊमधील स्वतःच्या घरात. १९५१ मध्ये नेकारझुल्म येथील एन.एस.यू. या मोटारसायकलींच्या कारखान्याशी त्यांचा करार झाला. त्यांनी तयार केलेला फिरता हवादाबक बसवून या कारखान्याच्या ५० घनसेंटिमीटर क्षमतेच्या चिमुकल्या गाडीने १९५६ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मीठमैदानावर ताशी १९६ किलोमीटर वेग गाठला. या क्षमतेच्या साध्या मोपेडवर बसलेल्या माणसाला त्या वेगाची कल्पनाही करवणार नाही.

तत्पूर्वी, १९५४ मध्ये, मुख्य कोडे सुटले होते. फिरत्या यंत्रांच्या शेकडो रचना वांकेल यांनी एकेक करून तपासल्या, त्यांची वर्गवारी लावली आणि निरुपयोगी त्या बाजूला काढल्या. उरलेल्यांतून एक आकृती हाती आली. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण घ्यावा. कमरेशी किंचित दबलेल्या लंबगोल पेटीत तो ठेवावा. पेटीच्या मध्यातून जाणाऱ्या दांड्यावर तो मध्य सोडून, थोडा एका बाजूला बसवावा आणि दातेरी चक्राने त्याची गती बांधून द्यावी. आता त्रिकोण फिरू लागला की, त्याची तीनही टोके पेटीच्या भिंतीला सतत चिकटून राहतात. त्रिकोणाची प्रत्येक बाजू आणि भिंत यांच्यामध्ये एक कप्पा तयार होतो आणि तो फिरता फिरता लहान-मोठा होतो. कप्पा मोठा होताना हवा व इंधन आत येते. लहान होताना ते मिश्रण दाबले जाते. ठिणगी पडून ते पेटते, प्रसरण पावते आणि त्रिकोणाला पुढे रेटते. शेवटी धूर बाहेर पडतो. तीन बाजूंवर या चार क्रिया एकाच वेळी, वेगवेगळ्या टप्प्यांवर चाललेल्या असतात. त्रिकोणाची एक फेरी होते, तेवढ्यात दांड्याच्या तीन फेऱ्या होतात आणि दांड्याच्या प्रत्येक फेरीला एक रेटा मिळतो. झडपा नाहीत, थांबणे नाही, उलटणे नाही.

१ फेब्रुवारी १९५७ रोजी असे पहिले इंजिन एन.एस.यू.च्या प्रयोगशाळेत चालू झाले. त्याने २१ अश्वशक्ती दिली. या पहिल्या नमुन्यात त्रिकोणाबरोबर त्याच्याभोवतीची पेटीही फिरत असे. त्यामुळे ते अतिशय वेगाने आणि जवळजवळ हादऱ्यांविना चाले. मात्र ठिणगीचा एक प्लग बदलायचा झाला तरी सारे इंजिन उघडावे लागे. कारखान्यातील अभियंता हान्स डीटर पाश्के याने वांकेल यांना न कळवता रचना सोपी केली. त्याने पेटी स्थिर ठेवली आणि केवळ त्रिकोण फिरता ठेवला. हे इंजिन १९५८ मध्ये चालू झाले. वांकेल यांना ही तडजोड मुळीच रुचली नाही. शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपल्यासारखे त्यांना वाटले. परंतु कारखान्यात तयार करता येईल, गॅरेजमध्ये दुरुस्त करता येईल असे इंजिन पाश्केचेच होते. आज जगभर वांकेल इंजिन म्हणून जे ओळखले जाते, ते हेच.

जानेवारी १९६० मध्ये म्युनिक येथे अभियंत्यांच्या सभेत हे इंजिन जगासमोर आले. अमेरिकेतील कर्टिस-राइट या विमान-इंजिनांच्या उद्योगाने त्याचे हक्क आधीच घेतले होते. पाठोपाठ जर्मनी, जपान, ब्रिटन येथील उद्योग परवान्यांसाठी रांगेत उभे राहिले. १९६७ मध्ये एन.एस.यू.ने आर.ओ.८० ही मोटार बाजारात आणली. तिला युरोपातील वर्षाची सर्वोत्तम मोटार हा मान मिळाला आणि थोड्याच दिवसांत ग्राहक तक्रारी घेऊन परत येऊ लागले. त्रिकोणाच्या टोकांवरील पट्ट्या झिजत होत्या. ज्या फटीचा वांकेल यांनी अर्धे आयुष्य अभ्यास केला होता, तीच येथे आडवी आली. हमीच्या मुदतीत इंजिनेच्या इंजिने बदलून देण्याच्या खर्चाने कारखाना खचला आणि १९६९ मध्ये तो फोक्सवागेन समूहाच्या अंकित झाला. आर.ओ.८० चे उत्पादन १९७७ पर्यंत रखडत चालले. एकूण सुमारे ३७,००० मोटारी निघाल्या.

जपानमधील हिरोशिमा येथे माझदाच्या कारखान्यात याच अडचणीशी वेगळ्या रीतीने सामना झाला. तेथे पट्ट्यांच्या थरथरण्यामुळे पेटीच्या आतील भिंतीवर समान अंतराने चरे उमटत. कामगार त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ४७ अभियंत्यांच्या चमूने पट्टीचा धातू, तिची जाडी, तिच्या पोटातील पोकळी यांत बदल करून पाहिले. अखेर कार्बन मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीने भिंत वाचली. १९६७ मध्ये माझदाची पहिली वांकेल मोटार विक्रीस आली. या घराण्याच्या इंजिनाची मोटार १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत पहिली आली. तो दिवस पाहण्यास वांकेल हयात नव्हते.

बाकीच्या कारखान्यांनी मात्र हळूहळू हात आखडता घेतला. हे इंजिन दट्ट्याच्या इंजिनापेक्षा अधिक इंधन खाते. लांबट कप्प्यात ज्वाला सर्वत्र पोहोचत नाही आणि बरेच इंधन धुराबरोबर निघून जाते. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, तेव्हा हा दोष कोणालाच परवडेनासा झाला.

स्वतः वांकेल यांचे त्यात आर्थिक नुकसान झाले नाही. १९७१ मध्येच त्यांनी आपल्या संस्थेतील वाटा एका ब्रिटिश उद्योगसमूहाला विकला होता. हा व्यवहार १० कोटी मार्कांचा होता. १९६९ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली होती. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला याचे मोल निश्चितच वाटले असेल. त्यांनी स्वतःच्या इंजिनाची आर.ओ.८० घेतली, चालवण्यासाठी चालक ठेवला. उतारवयात वेगवान नौकांचे प्रयोग केले. प्राण्यांवर प्रयोगशाळेत होणारे प्रयोग त्यांना असह्य होत. प्राण्यांना वेदना न देता संशोधन करणाऱ्यांसाठी त्यांनी १९७२ मध्ये पारितोषिक सुरू केले. ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

मोटारींनी नाकारलेल्या या इंजिनाला आसरा मिळाला तो आकाशात. ब्रिटनमध्ये नॉर्टन या मोटारसायकल-उद्योगाने वांकेल इंजिने तयार केली होती. त्याच परंपरेतून मानवरहित विमानांसाठी, म्हणजे ज्यांना आज सर्रास ड्रोन म्हटले जाते त्यांच्यासाठी, लहान इंजिने तयार होऊ लागली. त्यांतील एक प्रसिद्ध इंजिन साधारण २०० घनसेंटिमीटरचे आहे. त्याचे वजन ११ किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाण्याने भरलेल्या लहान बादलीएवढे. आणि शक्ती ३८ अश्वशक्ती. हवेत उडायचे असेल, तर प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. शिवाय ड्रोनच्या पोटातील कॅमेऱ्याला हादरे सोसत नाहीत. रस्त्यावर जे गुण पुरेसे ठरले नाहीत, ते येथे निर्णायक ठरले.

हे इंजिन महाराष्ट्राला अपरिचित नाही. भारताच्या संरक्षण संशोधन संस्थेने निशांत नावाचे टेहळणी करणारे मानवरहित विमान तयार केले होते. आरंभी त्याचे वांकेल इंजिन परदेशातून येई. ते देशातच करण्याचे काम अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील वाहन संशोधन व विकास संस्था आणि बंगळूरच्या दोन प्रयोगशाळा यांनी मिळून हाती घेतले. येथेही कसोटी भिंतीची आणि पट्टीचीच होती. पेटीच्या आतील बाजूस निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप चढवण्याचे तंत्र सिद्ध करावे लागले. ५५ अश्वशक्तीच्या गटातील आणि सुमारे ३० किलोग्रॅम वजनाचे हे इंजिन बसवलेले निशांत ५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकातील कोलारजवळच्या धावपट्टीवरून उडाले. निशांत पुढे सैन्यात टिकले नाही. २०१५ मध्ये तो प्रकल्पच थांबला. परंतु इंजिन करण्याची विद्या देशात आली.

जगात असे हौशी लोक आहेत, जे आपले एक-दोन आसनी विमान घरीच बांधतात. आपल्याकडेही मुंबईच्या अमोल यादव यांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१७ मध्ये त्याला सरकारी नोंदणी मिळवली. हलके, आटोपशीर आणि मोजक्याच हलत्या भागांचे वांकेल इंजिन पाहिले की, अशा बांधणाऱ्यांच्या मनात मोह उत्पन्न होतो. अमेरिकेत काहींनी माझदाच्या मोटारीतील इंजिन काढून विमानात बसवले आहे. युरोपात १९९० च्या दशकापासून इंजिन असलेल्या काही ग्लायडर विमानांत नॉर्टनच्या परंपरेतील इंजिन वापरले जाते. मग ड्रोनचे इंजिनच का बसवू नये?

येथे हिशेब बदलतो. ड्रोनच्या इंजिनाचे आयुष्य काही शे तासांचे धरलेले असते. त्यानंतर ते उघडून नवे भाग घालावे लागतात. लहान विमानांच्या नेहमीच्या दट्ट्याच्या इंजिनाला दोन हजार तासांपर्यंत तशी गरज पडत नाही. ते मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्या घेते. पंखा इतक्या वेगाने फिरवला तर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून मध्ये वेग कमी करणारी दातेरी चक्रे घालावी लागतात. त्यांचे वजन वाढते आणि बिघडण्याची आणखी एक जागा तयार होते. धूर इतका तप्त असतो की, साधी नळी लवकर जळून जाते. या अडचणी कुशल कारागिराला सोडवता येतात. पण इंजिन बंद पडले तर ड्रोन हवाई छत्री उघडून उतरते किंवा शेतात कोसळते. हानी होते ती पैशाची. घरी बांधलेल्या विमानात त्याच्या मालकाचाच जीव असतो.

म्हणून वांकेल इंजिन बसवणारा जाणता वैमानिक सकाळी विमानापाशी येतो, तेव्हा प्रथम चावी बंद असल्याची खात्री करून घेतो आणि पंखा हाताने सावकाश फिरवतो. त्रिकोणाची एकेक बाजू दाबाच्या टप्प्यातून जाताना हाताला एकेक ओढ लागते आणि आतून दबका फुसकारा ऐकू येतो. अशा तीन ओढी तो मोजतो. तिन्ही सारख्या लागल्या, तर पट्ट्या शाबूत आहेत. एखादी जरी सैल लागली, तरी विमान त्या दिवशी शेडमध्येच राहते.